आमचा खासदार ‘हो’ म्हणाला की ‘नाही’?

२०२१ च्या डिसेंबरातली गोष्ट. वाशिमला कचेरीच्या परिसरात माझे टंकलेखनाचे आणि झेरॉक्सचे दुकान आहे. रिसोड तालुक्यातला एक कास्तकार पीकविम्याच्या तक्रारीचा अर्ज लिहून घ्यायला आला होता. तीन कृषी कायदे रद्द होऊन जेमतेम पंधरवडा लोटला होता, त्यामुळे दुकानात तोच विषय. प्रिंटर कागद ओढत असताना त्याने सहज विचारले, “भाऊ, हे कायदे आले तवा आपल्या खासदारानं हो म्हटलं होतं का नाही? त्याचा कागुद भेटन का?”

“भेटन ना,” मी म्हणालो. “उद्या या.”

माझा हा आत्मविश्वास अगदीच पोकळ नव्हता. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला, तेव्हापासून मी या भागाच्या लोकप्रतिनिधींची टिपणे काढतो आहे. माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. संशोधनाची पद्धत मला कुणी शिकवली नाही. दुकानातल्या कोऱ्या कागदांच्या वह्या शिवायच्या, ग्रंथालयातल्या लोकसभा वृत्तांताच्या खंडांतून जे सापडेल ते उतरवायचे, आणि संसदेची जुनी कागदपत्रे संगणकावर आल्यापासून दुकान बंद झाल्यावर रात्री ती चाळायची, एवढेच. अकरा वह्या भरल्या होत्या. कास्तकाराच्या प्रश्नाचे उत्तर बाराव्या वहीत सहज लिहिता येईल, असे मला वाटले होते.

आधी एक घोळ निस्तरावा लागतो. ‘आपला खासदार’ म्हणजे कोण? आमचा जिल्हा लहान, सहा तालुक्यांचा, पण खासदार दोन. २००८ च्या पुनर्रचनेत वाशिम हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ संपला. वाशिम आणि कारंजा हे विधानसभा मतदारसंघ यवतमाळ-वाशिममध्ये गेले, तर रिसोड अकोल्याला जोडला गेला. त्यामुळे आमच्या कास्तकाराचा खासदार वाशिमच्या दुकानदाराचा खासदार नव्हता. इंग्रजांच्या काळात बाशीम नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा १९०५ मध्ये मोडून अकोल्यात घातला होता, तेव्हापासूनच आमच्या नशिबी ही वाटणी आली आहे. जुन्या खंडांत वाशिमचा आवाज शोधायचा तर पहिली पंचवीस वर्षे अकोल्याच्या नावाखाली शोधावे लागते.

वाशिम मतदारसंघ यादीत दिसू लागतो १९७७ पासून, आणि आरंभच मोठ्या नावाने. वसंतराव नाईक. १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री राहिलेला माणूस इथून लोकसभेत गेला आणि गेला तो विरोधी बाकांवर. १९८० आणि १९८४ ला गुलाम नबी आझाद आले. जम्मूतल्या डोडा जिल्ह्यातला तरुण वऱ्हाडातून निवडून येतो, याचे तेव्हा आमच्याकडे कुणाला फारसे नवल वाटले नाही. पंजा दिसला की शिक्का पडायचा. १९८९ आणि १९९१ ला अनंतराव देशमुख, १९९६ ला शिवसेनेचे पुंडलिकराव गवळी, १९९८ ला वसंतरावांचे पुतणे आणि माजी मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक, १९९९ पासून पुंडलिकरावांच्या कन्या भावना गवळी. मतदारसंघाचे नाव बदलले तरी त्या २०२४ पर्यंत सलग निवडून येत राहिल्या. २०२४ ला संजय देशमुख.

या यादीवर मी एकदा मोठी चूक केली होती, ती आधी सांगून टाकतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी एक तक्ता तयार केला: कोणत्या खासदाराने किती प्रश्न विचारले. एका स्थानिक साप्ताहिकाने तो छापला. गुलाम नबी आझादांच्या नावापुढे कितीतरी वर्षे शून्य पडले होते, आणि त्यावर मी दोन तिखट वाक्ये लिहिली होती. आठ दिवसांनी एक निवृत्त मास्तर अंक घेऊन दुकानात आले. रागावले नाहीत. म्हणाले, “बाबू, मंत्री प्रश्न विचारत नसतो, तो उत्तर देतो.” आझाद १९८२ मध्ये कायदा, न्याय व कंपनी व्यवहार खात्याचे उपमंत्री झाले, पुढे माहिती व नभोवाणी खात्यात गेले, १९८४ च्या अखेरीपासून ते संसदीय कामकाज राज्यमंत्री होते. त्या काळातले त्यांचे शून्य आळसाचे नव्हते, पदाचे होते. मंत्र्याला हजेरीपटावर सहीसुद्धा करावी लागत नाही. म्हणूनच खासदारांच्या कामगिरीचे तक्ते करणाऱ्या दिल्लीतल्या अभ्यास संस्था मंत्र्यांना त्यातून वगळतात. मला ते ठाऊक नव्हते. दुरुस्ती छापून आली ती शेवटच्या पानावर, जाहिरातींच्या खाली. तक्ता मात्र अजून कुणी ना कुणी दाखवतो.

तेव्हापासून आकड्यांकडे मी जरा संशयाने पाहतो. प्रश्नांचेच घ्या. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात. त्यांतले मोजकेच सभागृहात तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात, उरलेल्यांची उत्तरे पटलावर लेखी ठेवली जातात. अतारांकितांची उत्तरे तर लेखीच. कुणाचा प्रश्न यादीत येणार हे सोडतीने ठरते. आणि एकाच विषयावर पाच खासदारांनी प्रश्न दिले असतील तर ते एकत्र करून पाचही नावांनी छापतात; मोजणीत प्रत्येकाच्या खात्यावर एक चढतो. हजेरीही सहीची असायची. अकराला सही करून सव्वाअकराला बाहेर पडलेला आणि रात्री आठपर्यंत बसून राहिलेला, दोघेही पटावर सारखेच हजर.

खासगी विधेयकांची मोजणी तर निव्वळ गंमत आहे. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी केवळ १४ विधेयके कायदा झाली, शेवटचे १९७० मध्ये. तरीही राजापूरच्या बॅरिस्टर नाथ पैंनी १९६७ मध्ये, गोलकनाथ निकालानंतर, घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार परत मिळवण्यासाठी मांडलेले विधेयक विसरता येत नाही. ते मंजूर झाले नाही. पण तोच मुद्दा १९७१ मध्ये सरकारने चोविसाव्या घटनादुरुस्तीत आणला. तक्त्यात नाथ पैंच्या नावापुढे ‘मंजूर : ०’ असेच येईल.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो, मताकडे. प्रश्न, भाषणे, हजेरी हे सगळे शेवटी ज्याच्यासाठी आहे, ती गोष्ट म्हणजे कायद्यावर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणे. घटनेच्या शंभराव्या कलमानुसार सभागृहाचे निर्णय उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने होतात. पण हे बहुमत मोजायचे कसे? बहुतेक वेळा ते मोजलेच जात नाही. अध्यक्ष प्रस्ताव मांडतात, बाजूच्यांना ‘हो’ म्हणायला सांगतात, विरोधातल्यांना ‘नाही’ म्हणायला सांगतात, कोणता आवाज मोठा वाटला ते ठरवतात आणि प्रस्ताव मंजूर झाल्याचे जाहीर करतात. हे आवाजी मतदान. यात नाव नसते, आकडा नसतो.

एखाद्या सदस्याने या निर्णयाला हरकत घेतली आणि मतविभाजन मागितले तरच पुढचे चक्र फिरते. लॉबी मोकळ्या करायचा आदेश होतो, साडेतीन मिनिटे घंटा वाजते, दारे बंद होतात, प्रस्ताव पुन्हा मांडला जातो. पुन्हा हरकत आली तर बटणे दाबली जातात. मते नोंदवणारे यंत्र लोकसभेत १९५७ पासून आहे. त्याआधी सदस्य दोन लॉबींमध्ये विभागून जात. ज्यांचे बटण चुकले किंवा चालले नाही ते चिठ्ठी देतात, म्हणून निकालापुढे ‘दुरुस्तीच्या अधीन’ असे लिहिलेले असते. अशा वेळी मात्र वृत्तांतात प्रत्येकाचे नाव छापले जाते, होकाराचे एका यादीत, नकाराचे दुसऱ्या. नियमांत आणखी एक पळवाट आहे. मतविभाजन विनाकारण मागितले गेले आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते सदस्यांना जागेवर उभे करून डोकी मोजू शकतात, आणि त्या वेळी नावे नोंदवायची नाहीत असे नियमच सांगतो. हे वाचल्यावर मी वही मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो.

नावे नक्की सापडतात ती दोन जागी. एक, घटनादुरुस्ती. तिला विशेष बहुमत लागते, म्हणून मोजणी टाळता येत नाही. आणीबाणीतल्या तरतुदी काढून टाकणाऱ्या १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीच्या वेळी वसंतराव नाईक सभागृहाचे सदस्य होते. त्या मतविभाजनांच्या याद्या कलमागणिक पानेच्या पाने व्यापतात. याच कारणाने शरद जोशींचा एक नकारही कायमचा नोंदला गेला. ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षणाचे विधेयक १८६ विरुद्ध १ असे मंजूर झाले. तो एक म्हणजे शेतकरी संघटनेचे शरद जोशी. विदर्भातल्या त्यांच्या कित्येक अनुयायांना ते मत पटले नव्हते. पण ते कुणाचे, यावर वाद होऊ शकत नाही. २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत तशाच विधेयकावर ४५४ विरुद्ध २ झाले. त्या दोनांत औरंगाबादचे इम्तियाज जलील होते. हेही कुणी नाकारू शकत नाही.

दुसरी जागा म्हणजे सरकार पडण्याची वेळ. तिथेही वाशिमच्या वाट्याला काय आले पाहा. १९७९ च्या जुलैत मोरारजी देसाईंनी अविश्वास ठरावावर मतदान होण्याआधीच राजीनामा दिला. चरणसिंग २० ऑगस्टला लोकसभेला सामोरे न जाताच पायउतार झाले. त्याच्या दोन दिवस आधी, १८ ऑगस्टला, वसंतराव नाईकांचे सिंगापुरात निधन झाले होते. म्हणजे दोन सरकारे गेली आणि यादी एकही नाही. १९९६ च्या मे महिन्यात वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारवर दोन दिवस चर्चा झाली. पुंडलिकराव गवळी पहिल्यांदाच निवडून आले होते आणि त्यांचा पक्ष सरकारच्या बाजूचा. मतदान होण्याआधी राजीनामा आला. पुन्हा यादी नाही. पुढच्या वर्षी ११ एप्रिलला देवेगौडांचा विश्वासदर्शक ठराव १५८ विरुद्ध २९२ असा फेटाळला गेला, तेव्हा कुठे याद्या छापल्या गेल्या.

आणि मग १७ एप्रिल १९९९. २६९ विरुद्ध २७०. वाजपेयी सरकार एका मताने पडले. वाशिमचे खासदार तेव्हा सुधाकरराव नाईक, काँग्रेसचे. पक्ष ठरावाच्या विरोधात. त्या दिवशी मी दुकानात रेडिओ लावून बसलो होतो. ओडिशाच्या मुख्यमंत्रिपदी गेलेले पण खासदारकी न सोडलेले गिरिधर गमांग आणि पक्षादेश मोडणारे सैफुद्दीन सोझ यांचीच नावे सगळीकडे गाजली. फरक एकाचा असला की विरोधातले प्रत्येक मत निर्णायक असते, हे मात्र आमच्याकडे कुणी बोलले नाही. वाशिमने सरकार पाडले असे म्हणण्याची पाळी एकदाच आली होती, तीही आम्ही दवडली.

२२ जुलै २००८ ला अणुकराराच्या वेळी २७५ विरुद्ध २५६. यंत्रावर आधी दिसलेला आकडा निराळा होता, चिठ्ठ्या मोजल्यावर तो बदलला. हे वाशिम नावाच्या मतदारसंघाने पाहिलेले शेवटचे मोठे मतविभाजन.

या याद्या हाती लागल्या तरी त्या वाचायच्या कशा, हा आणखी वेगळा पेच आहे. ३० जानेवारी १९८५ ला लोकसभेने बावन्नावी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची घटनेत आली. पक्षाचा व्हीप मोडून मत दिले, किंवा मतदानाला गैरहजर राहिले, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. ‘आयाराम-गयाराम’ थांबवायला ते हवेच होते असे त्या वेळी सगळ्यांनाच वाटले, आणि मलाही वाटले असते. व्हीपचा सारा कारभार ज्या खात्याभोवती फिरतो त्या संसदीय कामकाज खात्याचे राज्यमंत्री तेव्हा वाशिमचेच खासदार होते, हा योगायोग मी वहीत लाल शाईने लिहून ठेवला आहे. या दुरुस्तीनंतर खासदाराचे नाव यादीत सापडले तरी त्यातून बहुतेक वेळा पक्षाचे मत कळते. त्या माणसाला काय वाटत होते, ते त्या यादीत सापडत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला लोकसभेत शिवसेनेच्या खासदारांनी पाठिंबा दिला आणि दोन दिवसांनी राज्यसभेत त्याच पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. दोन दिवसांत इतक्या जणांची मते बदलली असे म्हणण्यापेक्षा पक्षाचा निरोप बदलला असे म्हणणे बरे.

कास्तकाराच्या कागदावर मी तीन रात्री घालवल्या. सप्टेंबर २०२० चे अधिवेशन करोनाच्या सावटाखाली भरले होते. प्रश्नोत्तराचा तास रद्द होता, खासगी कामकाजही नव्हते. म्हणजे खासदाराच्या हातातली नेहमीची दोन अवजारे आधीच काढून घेतलेली. अत्यावश्यक वस्तू कायद्यातल्या दुरुस्तीचे विधेयक लोकसभेत १५ सप्टेंबरला आणि शेतमाल व्यापाराचे व करार शेतीचे विधेयक १७ सप्टेंबरला मंजूर झाले. आवाजी मतदानाने. हरसिमरत कौर बादल यांनी त्याच दिवशी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. २० सप्टेंबरला राज्यसभेत मतविभाजनाची मागणी झाली, गोंधळ झाला, ती मागणी मान्य झाली नाही आणि विधेयके आवाजी मतदानानेच मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले, त्यांत आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातले राजीव सातव होते. पुढे २९ नोव्हेंबर २०२१ ला तिन्ही कायदे दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेविना, पुन्हा आवाजी मतदानाने रद्द.

कायदे चांगले की वाईट, यावर मला इथे बोलायचे नाही. आमच्या भागात शरद जोशींच्या सभा ऐकलेली माणसे आहेत. त्यांना बाजार खुला हवा आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीत शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते ते उगीच नव्हे. हमीभाव गेला तर सोयाबीन कुठे न्यायचे, असे विचारणारेही त्याच गावात आहेत, कधी त्याच घरात. पण दोघांनाही आपला माणूस कोणत्या बाजूला होता हे कळायला हवे ना? अणुकराराचे कळते, महिला आरक्षणाचे कळते. वावर, माल आणि बाजार यांच्याविषयीच्या कायद्यावर मात्र देशातल्या एकाही खासदाराचे लोकसभेतले मत नोंदलेले नाही.

अकोल्याचे तेव्हाचे खासदार संजय धोत्रे त्या सप्टेंबरात केंद्रात राज्यमंत्री होते. म्हणजे प्रश्न नाहीत, हजेरीपट नाही, आणि विधेयक सरकारचेच, त्यामुळे बाजू कोणती हा अंदाज शाळकरी पोरगाही बांधील. पण कास्तकाराने अंदाज मागितला नव्हता, कागद मागितला होता.

तो आठवडाभराने आला, उद्याचा वायदा विसरून. मी १७ सप्टेंबरच्या वृत्तांताची शेवटची पाने छापून ठेवली होती. तिथे प्रस्ताव स्वीकृत झाल्याचे एका ओळीत लिहिले आहे. मी त्याला ती ओळ बोटाने दाखवली आणि आवाजी मतदान म्हणजे काय ते सांगितले. त्याने पान उलटून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हते.

“म्हणजे कोनाचंच नाव नाही?”

“नाही.”

“आमच्या ग्रामपंचायतीत हात वर करतेत ना,” तो म्हणाला, “तवा सचिव नावं लिहून घेते.” मग कागदाची घडी घालून त्याने ती पीकविम्याच्या अर्जासोबत पिशवीत ठेवली आणि झेरॉक्सचे किती झाले म्हणून विचारले. मी पैसे घेतले नाहीत. बाराव्या वहीत त्या तारखेपुढची जागा मी मोकळी सोडली आहे.